दाढ आणि भंडारा

झेडपीच्या मतदानादिवशी सकाळी जळकोटहून उदगीरला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

“रुक्मिणबाई, मत टाकायचं सोडून उदगीरला?”

“दाढ दाखवायला, केवळाबाई. लई दुखायली.”

“काल तर माझ्या शेतात बसून हुरडा खाल्लाव.”

“आता तुमाला काय सांगावं. दिवाळीत हनुमंत भावजीनं मला खंडोबाच्या देवळात नेलं अन् बेलभंडारा उचलायला लावला. मत त्यांच्याच माणसाला देईन म्हणून मी शपथ घेऊन बसले.”

“मग?”

“तवा सुनेचा भाऊच त्या माणसासमोर निवडणुकीला उभा राहील, हे कुणाला ठावं? तिला सातवा महिना हाय. परवा पाया पडली. म्हणली, आत्याबाई, यंदा माझ्या माहेराकडं बघा. मी हाव म्हणले.”

“मग द्या की तिच्या भावाला. मशीनीत कोण बघतंय?”

“खंडोबा बघतो की.”

“तर भावजीच्या माणसाला द्या. सुनेला काय कळतंय?”

“रोज समोरासमोर बसून जेवतो आमी. मला न्हाई जमायचं.”

“म्हणून दाढ.”

“म्हणून दाढ. मतच न्हाई टाकलं, तर शपथबी मोडत न्हाई अन् सूनबी रडत न्हाई.”

“बरोबर हाय.”

“अन् तुमी कुठं निघालाव?”

“मीबी दवाखान्यातच. गुडघे दाखवायला.”

“दोन्ही?”

“दोन्ही. मी दोघांच्याबी नावानं भंडारा उचललाय.”