हळद पाठीला

जीवन : ताय, फोन ठेवू नको. बॅटरीची एकच कांडी उरलीय.

समृद्धी : नाही ठेवत. ह्यांना शुद्ध आहे का?

जीवन : भावजी डोळं उघडतात, परत मिटतात. डोक्याला माझा शर्ट बांधलाय. रक्त थांबल्यासारखं वाटतंय. मगाशी उलटी झाली.

समृद्धी : झोपू देऊ नकोस. नावानं हाक मार. जगन म्हण, भावजी म्हण, काहीही म्हण. आणि नीट सांग, नक्की काय झालं?

जीवन : अंधार पडला तशी जाळी वर घेत होतो. मोठ्या जहाजाची लाट अंगावर आली. भावजी लोखंडावर आपटले. जीपीएस भिजलं, वायरलेस भिजलं, त्यांचा फोन पाण्यात गेला. माझा हा बटनांचा, ह्यात नकाशा नाय. बोट कितींदा फिरली म्हायती नाय. आता कुठं तोंड हाय तेच कळत नाय.

समृद्धी : होकायंत्र आहे ना?

जीवन : शिमग्यालाच फुटलं. जीपीएस असताना नवीन कोन आनतो?

समृद्धी : मी दुसऱ्या फोनवरून कोस्टगार्डला कळवलंय. ते निघालेत. पण विचारतात, बोट नेमकी कुठे? मी कामोठ्यात बसून काय सांगू त्यांना?

काशिराम : हळद.

समृद्धी : हो बाबा. जीवन, किनाऱ्याच्या लाईट दिसत असतील की.

जीवन : चारी बाजूंना लाईटीच हायेत. निम्मी जहाजं नांगर टाकून उभी हायेत. कुठली लाईट जहाजाची, कुठली गावाची, कसं वळखू? डिझेल तासाभराचं हाय. उलट्या बाजूला गेलो तर परत यायला उरनार नाय.

काशिराम : हळद. पाठीला.

समृद्धी : लावलीय बाबा, आत्ताच लावली. जरा थांबा.

जीवन : बाबाला काय झालं?

समृद्धी : पाठ दुखतेय वाटतं. तुझा पहिला फोन आल्यापासून एकच चाललंय, हळद पाठीला, हळद पाठीला. हळद-चुना कालवून गरम लेप दिला, तरी तेच. अर्धांगाचा झटका आल्यापासून असंच आहे त्यांचं. एक शब्द पकडला की सुटत नाही.

जीवन : त्याला माझं काय सांगू नको.

समृद्धी : फोन स्पीकरवर आहे रे. त्यांनी सगळं ऐकलंय.

काशिराम : माझ्या... नाय.

समृद्धी : काय तुमच्या नाही?

काशिराम : पाठीला. माझ्या नाय. जीवनच्या.

समृद्धी : बाबा, जीवन दर्यात आहे. त्याच्या पाठीला मी इथून कशी लावू?

काशिराम : वर. बाय, वर बघ.

समृद्धी : वर पंखा आहे. बरं, पंखा बंद करू का? गार वाटतंय का?

जीवन : ताय, माझी कांडी लुकलुकतीय. पंख्याचं नंतर बघ.

समृद्धी : थांब. थांब जरा. वर बघ, बाय. हे ते आधी पण म्हणालेत.

जीवन : कधी?

समृद्धी : माझ्या हळदीला. सगळे नाचत होते आणि बाबा मला ओढत मागच्या अंगणात घेऊन गेले. म्हणाले, वर बघ, बाय, तुझ्या आधी तिला लावलीय. जीवन, हळद म्हणजे तारा आहे. बाबा त्या ताऱ्याला हळद म्हणतात. तो पाठीला ठेवून घरी यायचं.

काशिराम : हां. हां.

जीवन : मला हे कदी सांगितलं नाय.

समृद्धी : तुला शंभरदा सांगितलं असेल. तू मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचास. मला मुलगी म्हणून कधी बोटीवर घेतलं नाही, पण जेटीवर बसवून जे सांगायचे ते राहिलं डोक्यात.

जीवन : भांडू नको आता. कुठला तारा ते सांग.

समृद्धी : तांबूस आहे. ठळक. आसपास दुसरं काही नाही.

जीवन : हाय. लाल दिसतोय एक, चांगला चमकतोय.

समृद्धी : तोच असणार. डाव्या खांद्याच्या मागे ठेव, म्हणजे आपली करंजाची जेटी समोर. असंच ना, बाबा?

काशिराम : डावा. हां.

जीवन : धरला. इंजिन चालू केलं. भावजी, घरी चाललो बघा. भावजी, ऐकता ना?

समृद्धी : मला त्यांचा आवाज ऐकव.

जीवन : हां म्हनाले. इंजिनात तुला ऐकू नाय आलं.

समृद्धी : खरंच म्हणाले?

जीवन : ताय, शपथ.

काशिराम : कसला?

समृद्धी : काय कसला, बाबा?

काशिराम : रंग. रंग कसला?

समृद्धी : लाल म्हणाला की तो.

काशिराम : नाय. नाय, नाय.

जीवन : ताय, लाईटी जास्त झाल्या. आनि समोरचं एक जहाज हाय ना, ते नांगरावर नाय. ते चालतंय.

समृद्धी : किती लांब?

जीवन : भोंगा ऐकलास? मी जहाजांच्या वाटेत आलोय. जहाजवाल्यांना आमी दिसत नाय, ताय. आमी खाली किती बारके.

समृद्धी : वळव. जीवन, वळव.

जीवन : कुठं वळवू? मला भ्या वाटतंय.

काशिराम : कुंकू. ते कुंकू. हळद नाय.

समृद्धी : कुंकू? बाबा, दोन आहेत का? एक कुंकू, एक हळद?

काशिराम : लाल... कुंकू. कुंकू खोटं बोलतं. हळद घे.

समृद्धी : माझं चुकलं. जीवन, माझंच चुकलं, तो लाल सोड. सोड तो. मी गॅलरीत जाते. फोन धरून ठेव.

जीवन : इंजिन बंद केलंय. जहाज सरकतंय पुढून. लाट येईल आता. भावजी, मला धरा. धरा घट्ट.

समृद्धी : जीवन? जीवन, बोल काहीतरी.

जीवन : गेलं. पानी आलं आत, पन हाय. हायेत दोघंबी.

समृद्धी : मला दिसतोय. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर. डावीकडे लांब तुझा लालवाला आहे, तो ज्येष्ठा. आणि हा लाल नाही, पिवळाही नाही. अरे, माझ्या हाताचा रंग आहे. हळदीत चुना घातला की जो होतो तो.

जीवन : इथं शेकड्यानं तारे हायेत. तुझ्या हाताचा रंग मला कसा दिसनार?

समृद्धी : बाबा, कसा ओळखायचा? लवकर सांगा. जमेल तसं सांगा.

काशिराम : खाट.

समृद्धी : म्हातारीची खाट. सप्तर्षी. जीवन, चार पायांची खाट आणि तिच्यामागे तीन चोर. दिसते का?

जीवन : खाली सगळं धुरकट हाय. खाट नाय दिसत. वर तीन तारे हायेत, वाकड्या रांगेत.

समृद्धी : तेच चोर. ती रांग जशी वाकलीय तशीच वाकवत पुढे ने. डावीकडे. काय लागतं?

जीवन : लागला. एकटाच हाय. मोठा.

समृद्धी : रंग सांग. आता मी नाही सांगणार, तू सांग.

जीवन : ते... आईच्या जुन्या पातळाचा रंग. केशरी, पन विटलेला.

काशिराम : हां. ती. तीच.

समृद्धी : बाबा रडतायत. तीच आहे. पंचांगात तिलाच स्वाती म्हणतात.

जीवन : स्वाती तर पावसाचं नक्षत्र.

समृद्धी : नाव ताऱ्याचं आहे रे, पाऊस त्यावरून. तू वळव आधी. उजवीकडे वळव, ती डाव्या खांद्यामागे येईपर्यंत. मान वळवून बघत राहा. ती खाली येत चाललीय, बुडायच्या आत पोच.

जीवन : वळवली. लाईटी मागं पडतायत. ताय, फोन आता जाईल.

समृद्धी : जाऊ दे. ह्यांना सांग, मी...

जीवन : काय सांगू?

समृद्धी : सांग, तुमच्या समीनं जेवण झाकून ठेवलंय. जीवन? जीवन, ऐकलंस का?

(पाऊण तास फोन वाजत नाही. मग अनोळखी नंबर.)

समृद्धी : कोण?

जीवन : मी. जेटीवरच्या काळूरामकाकाच्या फोनवरून. जेटीला लागलो.

समृद्धी : ह्यांना दे.

जीवन : गाडीत ठेवलंय त्यांना, पनवेलला आनतोय. डॉक्टर बघतील तेव्हा कळंल. पन वाटेत मला शिवी दिली त्यांनी, बोट हलवतोस किती म्हनून.

समृद्धी : शिवी दिली?

जीवन : दोन दिल्या.

समृद्धी : बाबा, पोचले. ऐकलंत ना? ह्यांनी शिवी दिली म्हणे. कोस्टगार्डला कळवून मी हॉस्पिटलात जाते, शेजारच्या वसुंधराताई बसतील तुमच्याजवळ. आधी तुमची पाठ पुसते. चादर बघा, सगळी केशरी केलीत.

काशिराम : राऊ दे.

समृद्धी : लेप वाळलाय, बाबा. खाजेल.

काशिराम : ती बुडली?

समृद्धी : टाकीच्या मागे गेलीय. थोडी उरली असेल अजून.

काशिराम : मग राऊ दे. दुसरं कोन... असंल दर्यात.