नयनाचा पाय आणि बोललेला नवस

माननीय अध्यक्षाबाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते डॉक्टर सूर्यकांत चुरी, आणि मसोली महिला मंडळाच्या भगिनींनो,

मी मंडळाची खजिनदार. जमाखर्च वाचायला उभी राहते तेव्हा हातात वही असते, आज नाही.

दिवाळीनंतर भाताची पेज काढताना पातेलं निसटलं आणि आमच्या नयनाचं पाऊल भाजलं, हे बहुतेकींना ठाऊक आहे. त्याच घटकेला मी महालक्ष्मीला बोलले, पाय बरा होऊ दे, चैत्रात पोर अनवाणी तुझ्या दर्शनाला येईल. आईच्या तोंडून दुसरं काय निघणार?

डॉक्टरसाहेब पट्ट्या करायचे, मी जुनी धोतरं फाडून, उकळून द्यायची. जखमेत लाल दाणे दिसले तेव्हा मला वाटलं, पाय सडला. ते म्हणाले, हे नवं मांस. खाली आधी जाळं विणलं जातं, मग कडेची कातडी त्यावरून आत सरकते. मी विचारलं, आता वाढ, आता थांब, हे तिला सांगतं कोण? शरीरातलेच काही रस सांगत असावेत, असं त्यांनी परदेशच्या एका वैद्यकीय मासिकात वाचलं होतं; पक्कं अजून कुणाला ठाऊक नाही. मी मनात देवीचं नाव घेतलं.

जखम मिटली, आणि देवीची चैत्रातली यात्रा तोंडावर आली. आमच्या सासूबाई, या समोरच बसल्या आहेत, म्हणतात, नवस मोडला तर देवी दिलेलं परत नेते. डॉक्टर म्हणतात, कातडी वरून जुळून आली तरी खालची वीण कच्ची आहे, तापल्या वाटेवर फुटेल. गेल्या सोमवारी दोघं आमच्या ओटीवर समोरासमोर आले. माझी काय अवस्था झाली असेल?

"आजी, देवीनं विणलंय ते तिच्याच वाटेवर उसवायचं का?" डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी पदर सावरला. "तुमची बदली तळासरीला, डॉक्टर. पाय इथंच राहणार."

तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले. आज चारचौघींत सांगते, म्हणजे घरी गेल्यावर मला शब्द फिरवता यायचा नाही. नवस मी बोलले, अनवाणी मी चालेन. नयना मोटारीनं येईल, पायात मोजे आणि चपला घालून. देवी रागावली तर माझ्यावर रागावो. भीती वाटते, नाही म्हणत नाही.

डॉक्टरसाहेब, तळासरीतही तुमच्या हाताला यश येवो. यात्रेनंतर एकदा हा पाय पाहायला या. बोलावणं सासूबाईंचंही समजा, त्यांनी मान हलवली नसली तरी.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. हेच शब्द मला चैत्रात देवीपुढे म्हणायचे आहेत. आज तुमच्यापुढे म्हणून पाहिले.