पाच वर्षांचा खंड

विद्यापीठात एम.ए. लोकप्रशासनाच्या प्रवेशाची रांग होती. माझ्यापुढं फॉर्म घेऊन सासू-सून उभ्या होत्या.

“श्रेया, समदे कागद झाले का?”

“पदवी हाय, गुणपत्रिका हाय. शिक्षणात पाच वर्षांचा खंड का पडला, ते बी लिहिलंय.”

“काय लिहिलंस?”

“घरकाम.”

“खोड ते. मी सरपंच होते तवा ग्रामसभेचे ठराव कोण लिहायचं? पाण्याच्या टँकरसाठी तहसीलला अर्ज कोण करायचं?”

“मीच की.”

“मग लिही, पाच वर्षं गाव चालवलं.”

“गाव तुम्ही चालवलं, आत्याबाई.”

“मी नुसती सही करायचे. ती बी तूच शिकवलीस.”

“पण पुरावा मागतील ना.”

“मागू दे. आण तो पेन इकडं.”