साहेबाचा नांगर

संशोधन काय असतं ते मला विचारा. इंग्रजांच्या काळात देशोदेशीच्या तरुणांचं जगणं अभ्यासणारा एक गोरा साहेब सालेकशाला आला. मी त्याचा दुभाषा. गोंड पोरांसारखं जगून बघायचं म्हणून तो सोमाबाबा नावाच्या गोंड शेतकऱ्याच्या घरी राहिला आणि पावसाळाभर त्याच्या शेतात राबला.

निघाला तसा बाबा म्हणाला, "हा कायले चालला? मी त्याले लमसेना समजलो."

मी साहेबाला समजावलं, "इथं लग्नासाठी पोरगा आधी होणाऱ्या सासऱ्याच्या शेतात राबतो. तो लमसेना." साहेब घामाघूम.

तेवढ्यात बाबाची पोरगी आतून म्हणाली, "जाऊ दे त्याले, बाबा. नांगर वाकडा चालवते."

सुटलो म्हणून मी आनंदानं ते साहेबाला सांगितलं, तर त्याचं तोंडच उतरलं.

"वाकडा कुठं होता?"