काळ्या शाईखालची नदी

नात : हिशेब सोपा आहे, आत्याआजी. मी उत्तरच दिलं नाही, तर तो संध्याकाळभर फोन उघडून बघत बसेल. आणि मला सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट भूक लागेल.

आत्याआजी : विचारलंय काय पण त्यानं?

नात : "पुन्हा येऊ का? हो किंवा नाही, एवढंच सांग." जाताना चिठ्ठीसुद्धा न ठेवणारा माणूस! आता एका शब्दासाठी जीव चाललाय.

आत्याआजी : आणि तुझा शब्द कुठला?

नात : 'नाही.' ते ठरलंय. पण पाठवणार नाही. झुरू दे.

आत्याआजी : मीही एकाला झुरवलं होतं.

नात : तू? अगं, तुझ्या तोंडून आजवर एका पुरुषाचं नाव आलं नाही!

आत्याआजी : आजही येणार नाही. युद्धात मी पत्रं तपासायचे. सैनिकांनी घरी लिहिलेलं सगळं आधी आमच्या टेबलावर. गाव दिसलं, तारीख दिसली, की ब्रश शाईत बुडवायचा आणि ओळ काळी. लांबलचक खोली, दोरीवर वाळणारी पत्रं, सगळ्या बायका गप्प. पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं.

नात : आणि तो?

आत्याआजी : त्याच्या तुकडीची पत्रं नेहमी माझ्याच टेबलावर. बहिणीला लिहायचा. शेवटी मुद्दाम गावाचं नाव घालायचा, म्हणजे पुढच्या चार ओळी जाणारच. त्या ओळी माझ्यासाठी. "हे वाचताय त्या तुम्ही बाई आहात का?" आणि खाली 'हो', 'नाही' दोन्ही लिहिलेलं. मी 'नाही' काळं केलं.

नात : म्हणजे बहिणीला नुसतं 'हो' दिसलं!

आत्याआजी : ती बिचारी त्याला कळवायची, "सगळं काळं, तळाशी एक 'हो' तेवढं उरलंय, काय रे ही भानगड?" झालं. पोचलं माझं उत्तर.

नात : पक्की होतीस की गं!

आत्याआजी : मग विचारलं, खोलीला खिडकी आहे का. मी 'नाही' ठेवलं. तेव्हापासून दर पत्रात तो मला खिडकी पाठवायचा. एकदा नदी पाठवली, पहाटेची, वर धुकं. ती तीनदा वाचली आणि सावकाश काळी केली. शाई वाळेपर्यंत पाण्याचा आवाज येत होता बघ.

नात : मग?

आत्याआजी : मग रजा मिळतेय म्हणाला. "बहिणीकडे येतोय. तिथल्या स्टेशनात घड्याळाखाली उभा राहीन. याल का?" खाली 'हो', 'नाही'.

नात : 'हो' ठेवलंस ना?

आत्याआजी : दोन्ही काळे केले.

नात : का?

आत्याआजी : भाव खाल्ला गं. म्हटलं, झुरू दे एक पत्रभर. पुन्हा विचारील, तेव्हा 'हो'.

नात : आणि पुढचं पत्र?

आत्याआजी : पत्र नाही, बहीण आली. पाकिटावर तपासणाऱ्याचा नंबर असायचा, त्याचा माग काढत. म्हणाली, "या वेळी तळाशी काहीच उरलं नाही असं कळवलं, तर रजा त्यानं दुसऱ्याला देऊन टाकली. त्याच आठवड्यात गेला." हातात तेच पत्र. उजेडासमोर धरून धरून कागद मऊ पडलेला. "बाई, खाली काय होतं एवढं सांगा. त्याचं शेवटचं आहे."

नात : सांगितलंस?

आत्याआजी : म्हटलं, दिवसाला दोनशे पत्रं येतात. आठवत नाही.

नात : आणि आठवत होतं.

आत्याआजी : आजही आठवतं. स्वल्पविरामासकट.

(नात फोन उचलते. काहीतरी लिहिते.)

आत्याआजी : काय लिहिलंस?

नात : 'नाही.' गेलंही. भूकबीक काही लागली नाही.

आत्याआजी : लागेल. उद्या नाहीतर परवा.

नात : तुमचं दोघांचं मात्र फार गेलं गं.

आत्याआजी : माझं काय गेलं? मला नदी मिळाली, अजून आहे. भाऊ गेला तो तिचा. रजेत यायचा होता तो तिच्या घरी. शेवटचे शब्द, तेही मी ठेवून घेतले. आणि पत्रं तर सगळी तिच्याच नावची होती.