पीस गोल म्हणजे कोंबडी

...आणि वर तो पोलीस मलाच विचारतो, आजोबा, या वयात मारामारी? आता तुम्हीच सांगा. हा बघा हात, चार टाके. हे कपाळ, इथं ओट्याचा कोपरा लागला. डावा कान अजून गुणगुणतोय. आणि हे सगळं कशापायी? एका पाखरापायी, जे माझ्या जुन्या बुटात मावेल आणि वर मोजा ठेवायला जागा उरेल. माझा हात उठत नाही हो. उठवला जातो.

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी सुऱ्या-कात्र्यांना धार लावली. शाळा दुसरीपर्यंत, पण धार बघायला शाळा लागत नाही. खाटीक, शिंपी, न्हावी, सगळ्यांची पाती माझ्या चाकावरून गेली, आणि या चाळीस वर्षांत आमच्या हिनं माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच. म्हणाली, अहो, मागच्या अंगणात एक कोंबडी ठेवू या, घरात कुणीतरी बोलणारं हवं. टोमणा कळला मला. म्हटलं, ठेव.

तिचा भाऊ, म्हणजे आमचा मेहुणा, बुटाच्या खोक्यातून पिल्लू घेऊन आला. विचारलं, जात कोणती? म्हणे, दाजी, परदेशी आहे, बुटकीच राहते, खायला कमी. बरं, नर का मादी? तर म्हणतो, "मोठं झालं की स्वतःच सांगेल." या माणसाला मुलगी दिली असती तर त्यानं लग्नानंतर नाव विचारलं असतं.

आता आमचा घरमालक. वरच्या मजल्यावर राहतो, झोप इतकी हलकी की खाली मी कूस बदलली तरी वरून खोकतो. त्यानं जिन्यातूनच बजावलं, कोंबडी चालेल, धारवाले, पण कोंबडा निघाला तर त्याच दिवशी मान उडवीन. त्यावर ही आतून म्हणाली, माझ्या पाखराची मान उडाली तर मी भावाकडे जाईन आणि परत येणार नाही. एवढं बोलून भाजी चिरायला बसली. ही दोनदा सांगत नाही. म्हणजे बघा, त्या बोटभर मानेवर माझा संसार टांगलेला!

पाखरू पाच महिन्यांचं झालं. दिसायला देखणं, नाही म्हणणार नाही. पांढरं पीस आणि प्रत्येक पिसाला बारीक काळी किनार, निधनाच्या पत्राला असते तशी. आणि गुणही तसेच. पोस्टमनच्या नडगीचं सालटं काढलं. मांजराचा कान फाडला, ते मांजर गल्ली सोडून गेलं, अजून परतलं नाही. मालक एकदा चपला घालून अंगणात आला तर त्याच्या अंगठ्याचं नखच उपटलं. मालक एका पायावर नाचत ओरडतो, हा कोंबडाच आहे, बाईमाणूस असं मारतं का? मी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि गप्प बसलो. घरातलं घरात.

पण सगळी गल्ली जमल्यावर गप्प बसता येईना. पाखराला काखेत दाबलं, त्यानं माझा दंड फोडला, तरी दाबलं, आणि सगळ्यांना मानेवरचं पीस दाखवलं. म्हटलं, नीट बघा. कोंबड्याचं पीस टोकदार, सुरीच्या अणीसारखं. कोंबडीचं गोल, चमच्यासारखं. हे गोल आहे. पीस गोल म्हणजे कोंबडी, चाळीस वर्षं टोकं बघणारा माणूस सांगतोय.

तर खाटीक पुढे सरसावला. काका, पिसं काय बघता, पाय धरून उलटं टांगा, मान लोंबली तर कोंबडी, मान वर उचलली तर कोंबडा, आमच्या आज्यापासूनची रीत आहे. घेतलं माझ्या हातातून, टांगलं. मान उचलली? अहो मान, छाती, पंख, सगळं उचललं आणि जाऊन खाटकाच्या नाकाला लटकलं! सुटतंय कसलं. खाटकानं हिसकून काढलं, नाकाचा तुकडा त्याच्याबरोबर गेला, आणि पाखराला फरशीवर आपटायला त्यानं हात मागे घेतला, तेव्हा मग... माझा हात उठत नाही. उठवला जातो. खाटीक पाण्याच्या पिंपात बसला. बसला म्हणजे, मी बसवला.

दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरकडे नेलं, मेहुणा बरोबर. डॉक्टरनं कातडी हातमोजे चढवले, तुरा पाहिला. उभा नाही, चपटा, दाणेदार, मागे टोक. एक जाड पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं, पाखरू पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, या जातीत कोंबडाही कोंबडीचीच पिसं घालतो. गोल. त्यावरून काही ठरत नाही. तुऱ्यावरून मला हा कोंबडाच वाटतो."

आता तुम्हीच सांगा, जगात एवढ्या जाती, आणि मेहुण्याला नेमकी हीच मिळाली, नर असून मादीचे कपडे घालणारी? म्हटलं, खात्री आहे? डॉक्टर म्हणाला, आरवला की खात्री. म्हटलं, मग तोवर चिठ्ठीवर कोंबडी लिहा. नाही म्हणाला. मी डॉक्टरला मारलं नाही. टेबल उलटलं, ते वेगळं.

घरी हिनं विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, कोंबडी. आयुष्यात पहिल्यांदा हिच्याशी खोटं बोललो. ही माझं तोंड बघून उठली, पिशवी उचलली आणि दुकानात गेली. आणि मेहुणा? तो जिन्यात मालकाला सगळं सांगून मोकळा! त्याला एक ठेवून दिली. नातं आहे, एकच दिली.

सकाळी मालक अंगणात हजर. एका पायात चप्पल, दुसऱ्या अंगठ्याला पट्टी, हातात सुरी. मागे नाकाला पट्टी बांधलेला खाटीक. आणि सुरी कुणाच्या हातची? माझ्या! परवाच धार लावून दिलेली, केस उभा चिरेल अशी. मी खुराड्यापुढं उभा राहिलो. मालक म्हणाला, सरका. म्हटलं, पीस गोल आहे. तो म्हणाला, डॉक्टर काय म्हणाला ते कळलंय, आणि सुरी पुढे केली, आणि मी पातं मुठीत धरलं. एक सांगतो, धार चांगली होती.

मग काय, मी मालकाला डोक्यानं हाणलं, खाटकानं मला कानाखाली, मी ओट्यावर, मालक माझ्यावर, खाटीक पुन्हा पिंपात, आणि गडबडीत खुराड्याचं दार उघडलं. पाखरू कुणाच्या बाजूनं? कुणाच्याच नाही. जो खाली पडेल त्याला. बहुतेक वेळ मीच खाली होतो.

तेवढ्यात ही खुराड्यातून मागे मागे सरकत बाहेर आली, हातात अंडं. म्हणाली, "भांडा. माझ्या कोंबडीनं अंडं घातलंय."

सगळे थिजले. मालकानं अंड्याकडे पाहिलं, पाखराकडे पाहिलं. अंडं पाखराच्या डोक्याच्या दुप्पट. म्हणाला, एवढ्याशा जिवाचं एवढं अंडं?

ही म्हणाली, "म्हणून तर चिडलेली असते."

खाटकानं पिंपातूनच मान डोलावली. अंडं हातात मागितलं तर हिनं दिलं नाही, अंगठासुद्धा हलवला नाही. मग पोलीस आला, मला टाके पडले, मालक लंगडत वर गेला. दुपारी मी फडताळातून ते अंडं काढून पाहिलं. हिचा अंगठा होता तिथं दुकानाचा निळा शिक्का. मी ते परत ठेवून दिलं.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाखरू आरवलं. असं की भांडी वाजली.

वरची खिडकी उघडली. धारवाले, कोंबडा! ही दारात उभी, तोंडावर पदर. मी उठलो, खिडकीत गेलो. चाळीस वर्षांत कुणापुढं मान खाली घातली नाही मी. म्हटलं, मालक, मी होतो तो.

"तुम्ही?"

"वय झालं. सकाळी होतं असं."

"पुन्हा करा बघू."

काय करता? केलं. खिडकीची चौकट धरून, टाके पडलेल्या हातानं, मान ताणून केलं. मग खिडकी लागली. त्याची अट कोंबड्याची आहे, भाडेकरूची नाही.

आता रोज हेच. पाखरू एकदा, मी दोनदा, म्हणजे संशय नको. आणि ही चुलीशी बसून म्हणते, चला, घरात कुणीतरी बोलायला लागलं.