पाच मिनिटं बाहेर

महूहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगी आणि तिचे बाबा बसले होते. हॉकी स्टिक तिनं मांडीवर आडवी घेतली होती.

“जिंकलात, ते ठीक. पण टीमची सगळ्यात भारी सेंटर फॉरवर्ड तू, आणि सर तुलाच बाहेर बसवतात? उद्या फायनल आहे. मी बोलतो त्यांच्याशी.”

“बाबा, बाहेर बसवा म्हणून मीच बोलले सरांना.”

“दिमाग खराब झालाय का, वसू?”

“मागच्या तिन्ही मॅचमध्ये मी पूर्ण साठ मिनिटं खेळले. गोल किती झाले?”

“एक. तोही तुझाच.”

“हां, तेच ना. सगळ्या जणी बॉल मलाच देतात आणि शेवटी माझे पाय उचलत नाहीत. आज दोनदा पाच-पाच मिनिटं बसले, तर तीन गोल झाले.”

“त्यातले दोन तूच मारलेस!”

“दम होता म्हणून मारले. तिसरा आर्यानं मारला, मी बाहेर असताना. बॉल माझ्याकडे द्यायला मी मैदानात नव्हतेच, मग स्वतःच मारला तिनं.”

“म्हणजे उद्याही बसणार? अरे यार, सगळ्या नातेवाइकांना बोलावून ठेवलंय मी. तेवढा वेळ आम्ही काय एकमेकांची तोंडं बघायची?”

“आर्याच्या नावानं ओरडा. तिच्या घरचं कधीच कुणी येत नाही.”

राऊचा स्टॉप गेल्यावर बाबा तिच्याकडे वळले.

“जर्सीचा नंबर काय तिचा?”